सगळ्यांचं मत सारखंच का मोजायचं?

दुपारचा_कावळा
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज टाकतोच. मी एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे (कुठली ते विचारू नका, तिथले लोकही इथे असतात). मागच्या मीटिंगला एका मोठ्या खर्चाचा ठराव होता. आमच्यातल्या एका बाईंनी हिशेबाची फाईल घरी नेऊन वाचली होती, समासात पेन्सिलीने प्रश्न काढले होते, मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघितलं होतं. बाकीच्यांनी फाईल उघडलीपण नव्हती, एक जण तर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, हात वर करायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्याला विचारतोय कशाबद्दल चाललंय. आणि मग केला हात वर. बाई हरल्या.

आता माझा प्रश्न त्या संस्थेपुरता नाही. अक्कल, मेहनत, सचोटी, कशातच माणसं सारखी नाहीत हे रोज दिसतं. मग ‘सगळी माणसं समान’ हे नेमकं कशाच्या जोरावर म्हणायचं? देव मानणारा म्हणेल सगळी त्याचीच लेकरं, ठीक आहे, पण मी मानत नाही. मग ही एक गोड समजूत आहे का? आणि लोकशाहीत प्रत्येकाला एकच मत, तेही त्याच किमतीचं, हे न्याय म्हणून की दुसरं काही सुचत नाही म्हणून? मी समतेच्या विरोधात नाही, आधीच सांगतो. मला कारण हवंय.

रिकामटेकडा
पहिला! खुर्ची टाकून बसलोय.

खडूस
दुसरं काही सुचत नाही म्हणून. झालं, धागा बंद करा.

कायमचा_विद्यार्थी
कावळेभाऊ, तुमच्या बाजूने एक तगडा माणूस देतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. १८६१ साली त्याने मांडलं की मत प्रत्येकाला हवंच, पण शिकलेल्याला आणि जबाबदारीचं काम करणाऱ्याला एकाहून जास्त मतं द्यावीत. आणि हा काही जुनाट डोक्याचा माणूस नव्हे, बायकांना मताधिकार मिळावा म्हणून १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत दुरुस्ती मांडणारा हाच. ब्रिटनमध्ये तर हे थोडंफार चालूही होतं, विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ होते, त्यामुळे पदवीधराला घरच्या मतदारसंघात एक आणि विद्यापीठाच्या मतदारसंघात एक अशी दोन मतं देता यायची. १९४८ च्या कायद्याने ते संपलं.

दुपारचा_कावळा
हेच म्हणतोय मी! मग मिलचं चुकलं कुठे ते सांगा ना कोणीतरी.

मास्तरीण
मी सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मतदारनोंदणीसाठी साक्षरतेच्या चाचण्या होत्या. कागदावर युक्तिवाद अगदी तुमचाच, ज्याला वाचता येत नाही त्याने मत कशाच्या आधारावर द्यायचं. आणि त्याच्या जोडीला ‘आजोबांचं कलम’. ओक्लाहोमात असं होतं की १ जानेवारी १८६६ च्या आधी ज्यांना मताचा हक्क होता त्यांच्या वंशजांना चाचणी माफ. आता १८६६ च्या आधी हक्क होता कोणाला? म्हणजे निरक्षर गोरा आत, निरक्षर काळा बाहेर, आणि कित्येक ठिकाणी चांगला शिकलेला काळासुद्धा बाहेरच, कारण उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी करणारा गोरा कारकून ठरवणार. ते कलम सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्ये उडवलं पण चाचण्या १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत चालूच होत्या.

परीक्षा घ्यायची ठरवली की पहिला प्रश्न पेपर कोण काढणार हा असतो, आणि पेपर काढणारा आजवर नापास झालेला नाही.

अवांतर: मी निवडणुकीची ड्युटी केलेली आहे. मतदारयादीत नाव असतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. शिक्षणाचा रकाना नाही, उत्पन्नाचा नाही, हुद्द्याचा नाही. एरवी ज्याला बघून लोक उभे राहतात तोही आमच्या टेबलासमोर एक अनुक्रमांक, आणि त्याच्या पुढचा अनुक्रमांक त्याच्याकडे कामाला असलेल्या माणसाचा असू शकतो. मला ते रुक्ष काम भयंकर आवडतं.

खडूस
मास्तरीणबाई, पट्टी चुकीच्या हातात गेली म्हणून मोजणंच चूक कसं? डॉक्टर व्हायला परीक्षा देतातच की. कोणी म्हणत नाही की सगळ्यांना समान ऑपरेशन करू द्या.

मास्तरीण
अहो पण संमतीपत्रावर सही कोणाची असते? पेशंटची. त्याला शरीरशास्त्र येतं का हे विचारून मग सही घेत नाहीत. निवडणूक म्हणजे ती सही आहे, ऑपरेशन नाही. ऑपरेशन करायला परीक्षा पास झालेले अधिकारी ठेवलेत ना आपण.

पाटीपेन्सिल
सहीचा मुद्दा जबरी. कॉपी करून ठेवतोय.

आडवातिडवा
पण राव सही करताना प्रत्येक जण स्वतःच्या शरीरापुरती करतो. मतदानात मी दुसऱ्याच्या शरीरावर पण सही करतो. माझ्या अडाणी मताचा परिणाम माझ्या शेजाऱ्याला भोगावा लागतो, मग त्याने मला ‘आधी नीट वाचून ये’ म्हटलं तर काय चुकलं? मिलचंपण तेच म्हणणं होतं, मत म्हणजे दुसऱ्यावरची सत्ता आहे. ह्याचं उत्तर सहीवाल्या उदाहरणात नाही.

कायमचा_विद्यार्थी
आडवातिडवा, बरोबर पकडलंत. पण त्या सत्तेचा जास्त वाटा कोणाला द्यायचा हे ठरवायला गेलं की कुठे जातं ते बघा. प्रशियात (जर्मनीतलं तेव्हाचं सगळ्यात मोठं राज्य) १८४९ पासून १९१८ पर्यंत तीन वर्गांची पद्धत होती. एकूण कराचे तीन सारखे भाग करायचे, पहिला भाग भरणारे मोजके श्रीमंत हा पहिला वर्ग, मग मधले, मग उरलेली अख्खी जनता, आणि तिन्ही वर्गांना प्रतिनिधी सारखेच. एसेन शहराच्या नगरपरिषदेत एक काळ असा होता की पहिल्या वर्गात एकटा पोलाद कारखानदार क्रुप. एक माणूस आणि एक तृतीयांश नगरपरिषद. ‘जो जास्त भरतो त्याचं जास्त ऐका’ हेही दिसायला कारणच आहे की!

रिकामटेकडा
त्या निवडणुकीत मतदानाची टक्केवारी शंभर नाहीतर शून्य. एक्झिट पोलवाल्यांची चैन.

निळी_शाई
इथे चर्चा छान चाललीय पण एक गोष्ट बघा, कोणाला जास्त मतं द्यावीत ह्यावर बोलताना बोलणारा स्वतःला कायम जास्तवाल्यांत धरतो. आजवर एकही माणूस भेटला नाही जो म्हणाला की पात्रतेनुसार मतं वाटा म्हणजे माझं अर्धं होईल.

ज्यांच्या मागच्या पिढ्यांना दाराबाहेर उभं केलं गेलं त्यांना ‘कारण द्या’ हा प्रश्न वेगळा ऐकू येतो. कारण मागायचंच तर ज्याने दार लावलं त्याच्याकडे मागा. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य, पण सामाजिक आणि आर्थिक रचनेत तेच मूल्य नाकारत राहणार. आणि ही विसंगती लवकर घालवली नाही तर जे विषमता सोसतायत ते लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील, हेही त्याच भाषणात आहे. तेव्हा समान मत हा काही शेवट नव्हे, ती सुरुवातसुद्धा धड नाही.

पाटीपेन्सिल
निळी_शाई +१. दार लावणाऱ्याकडे कारण मागा ह्याला तात्त्विक बाजूपण आहे. सारखं वागवायला वेगळं कारण लागत नाही, फरक करायचा असेल तर लागतं. सिद्ध करायची जबाबदारी फरक करणाऱ्यावर.

खडूस
ही जबाबदारी तुम्हीच वाटून दिली, स्वतःच्या सोयीने. मी म्हणतो सारखं वागवणाऱ्याने सिद्ध करावं. आता?

रिकामटेकडा
आता नाणं उडवा.

कायमचा_विद्यार्थी
खडूस, इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचं उत्तर तुम्हाला आवडेल, तुमच्यासारखंच रोखठोक आहे. १६५१. तो प्रेमबिम काही बोलत नाही. म्हणतो दुबळ्यातला दुबळा माणूससुद्धा गुपचूप कट करून किंवा चार जणांना सामील करून घेऊन बलदंडाला मारू शकतो. म्हणून सगळे समान.

खडूस
हे पटलं. :)

कायमचा_विद्यार्थी
आणि हे पचत नसेल तर अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्स (१९७१). त्याचं म्हणणं असं, वर्तुळाच्या आतले काही बिंदू मध्याजवळ असतात काही कडेला, पण ‘आत असणं’ ह्या बाबतीत सगळे सारखेच आत. तसं न्यायाची जाण असण्याची, स्वतःचं भलं कशात आहे ते ठरवण्याची किमान कुवत असली की माणूस आत. पुढे कोण किती हुशार ह्याचा समतेशी संबंध नाही. कावळेभाऊ, तुमच्या मूळ प्रश्नाला मला वाटतं हे सगळ्यात नीट उत्तर आहे.

निशिगंध_
मी इथे क्वचित लिहिते. पण हे वर्तुळ मला कधीच पटलेलं नाही.

माझी मुलगी आता सज्ञान आहे. बौद्धिक वाढ कमी आहे तिची. तुमच्या त्या कुवतीच्या वर्तुळात ती रेषेवर कुठेतरी येते, आणि रेषेच्या कोणत्या बाजूला हे बघणाऱ्याच्या मूडवर. कुठल्याही काउंटरवर आम्ही दोघी गेलो की पलीकडचा माणूस माझ्याकडे बघून विचारतो ‘हिला काय हवंय?’ ती शेजारीच उभी असते. तिला व्यवस्थित ऐकू येतं. मी हल्ली उत्तर देत नाही, नुसती तिच्याकडे बघते. मग तोही नाइलाजाने तिच्याकडे बघतो. वेळ लागतो तिला, मागच्या रांगेतून सुस्कारे येतात, पण ती सांगते. ‘वही. निळी. मोठ्या रेघांची.’ आणि लहान रेघांची पुढे केली तर परत देते.

समता कुवतीतून येते असं ज्यांना वाटतं त्यांनी मला सांगावं ती किती टक्के समान आहे ते. मी तत्त्वज्ञान वाचलेलं नाही. मला एवढंच कळतं की तिच्या आयुष्यात जे चांगलं वाईट होईल ते तिलाच भोगायचंय, तिच्याऐवजी मीसुद्धा ते भोगू शकत नाही. ह्या बाबतीत तिच्यात आणि तुमच्या त्या मिलमध्ये मला फरक दिसत नाही.

मास्तरीण
निशिगंध, दंडवत घ्या.

कायमचा_विद्यार्थी
रॉल्सवरचा सगळ्यात अवघड आक्षेप आहे हा, आणि त्याच्या बाजूच्यांनाही तो धडपणे परतवता आलेला नाही. बाय द वे तुम्ही जे म्हणताय ते इंग्लंडच्या यादवी युद्धात एका कर्नलने म्हटलंय. १६४७, लंडनजवळचं पटनी, राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातच वाद चाललाय मत कोणाला द्यायचं ह्यावर. त्यातला एक सेनाधिकारी आयर्टन म्हणतो ज्याचा जमीनजुमला आहे, देशात कायमचा हितसंबंध आहे, त्यालाच. आणि तो कर्नल, रेन्सबरो, म्हणतो इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही मोठ्यातल्या मोठ्यासारखंच एक आयुष्य जगायचं आहे, म्हणून ज्या सरकारखाली तो राहणार त्याला त्याची संमती हवी. त्यात कुवतीचा क नाही. जगायचं आहे, बस.

दुपारचा_कावळा
हां, हे मात्र डोक्यात उतरलं. कुवत हे कारण असेल तर कुवतीचे हप्ते पाडता येतात. ‘भोगायचं त्याला आहे’ ह्याचे हप्ते पडत नाहीत. विचार करतोय.

हिशेबनीस
मूळ धाग्यावर एक व्यवहारातलं. संस्थेत आणि कंपनीत हाच फरक आहे. कंपनीत मत शेअरला असतं, माणसाला नाही, दहा हजार शेअर तर दहा हजार मतं, आणि कोणी त्याला अन्याय म्हणत नाही. सहकारी संस्थेत एक सभासद एक मत, भाग कितीही घ्या. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या लोकांनी सहकारी दुकान काढलं तेव्हापासून ही चाल. तेव्हा कावळेसाहेब आधी हे ठरवा की देश कंपनी आहे का सहकारी संस्था. कंपनीतून शेअर विकून बाहेर पडता येतं, देशातून बहुतेकांना पडता येत नाही. म्हणून मी दुसऱ्या बाजूचा.

आणि फाईल न वाचणाऱ्यांवर उपाय मत कमी करणं हा नाहीच. ठरावाआधी सात दिवस फाईल पाठवा आणि ज्यांना प्रश्न आहेत त्यांना आधी बोलू द्या. तुमच्या अध्यक्षांनी बाईंना बोलायला किती वेळ दिला?

दुपारचा_कावळा
खरं सांगू? त्यांनी दोन प्रश्न विचारले तेवढ्यात ‘वेळ कमी आहे, मतदान घेऊया’ झालं. मी तिथेच होतो.

निळी_शाई
मग विषमता मतमोजणीत नव्हतीच, आधीच होऊन गेली होती. बऱ्याच मीटिंगांत हेच होतं. नवीन किंवा खालच्या हुद्द्याचं कोणीतरी एक मुद्दा मांडतं, टेबलावर शांतता. पाच मिनिटांनी तोच मुद्दा साहेब मांडतो आणि सगळे माना डोलावतात, मिनिट्समध्ये नाव साहेबाचं. मत दोघांनाही एकच होतं बरं का.

आडवातिडवा
सगळे समतेच्या बाजूने बोलतायत म्हणून थोडं उलट. पैशाच्या समतेचं काय? तत्त्वज्ञ डेरेक पारफिटचा आक्षेप प्रसिद्ध आहे, समता हीच गोष्ट चांगली असेल तर ज्यांना दिसतं त्या सगळ्यांना आंधळं केलं तरी काहीतरी चांगलं झालं असं म्हणावं लागेल, कारण आता सगळे सारखे. कोणाचाच फायदा नाही आणि तरी ‘सुधारणा’. आणि दुसरा तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्टने १९८७ मध्येच म्हटलंय की प्रत्येकाला पुरेसं आहे का हा प्रश्न आहे, सारखं आहे का हा नाही. मला हेच पटतं. शेजाऱ्याकडे माझ्या दसपट आहे, असू दे की. माझं भागतंय ना.

हिशेबनीस
माझं भागतंय ना, म्हणजे त्या दसपटवाल्याने अजून निवडणुकीला देणगी दिलेली नाही.

कायमचा_विद्यार्थी
हाहा. पण हिशेबनीसांचा टोला नीट बघा, त्यात उत्तर आहे. तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसनने १९९९ मध्ये हेच मांडलं, की समता म्हणजे सगळ्यांच्या ताटात तेवढंच वाढणं नव्हे, कोणालाही कोणासमोर वाकावं लागू नये ही समता. दसपट पैसा तेव्हा नडतो जेव्हा त्याने दसपट आवाज विकत घेता येतो, न्यायालयात, वर्तमानपत्रात, पक्षाच्या तिकिटात. तिथे भिंत घातली तर उरलेल्या फरकाचं मलापण फार वाटत नाही. भिंत घालता येते का हा प्रश्न वेगळा, आणि त्या बाबतीत मी निराशावादी आहे.

पाटीपेन्सिल
‘एक मत एक मूल्य’ तरी कुठे पाळलं जातं? अमेरिकेच्या सिनेटमध्ये २०२० च्या जनगणनेप्रमाणे पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला दोन जागा आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ देश, प्रत्येकाला एक मत, चीनलाही आणि इवल्याशा तुवालू बेटांनाही. तिथे कोणाची समता चाललीय, माणसांची का राज्यांची?

खडूस
राज्यांची, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर छोटे आत आलेच नसते. हा सौदा आहे, तत्त्व नाही. तुमच्या समतेत असे सौदे बरेच सापडतील.

आडवातिडवा
माझा आवडता उपाय कोणीच काढला नाही. चिठ्ठ्या! अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ चिठ्ठीनेच निवडायचे, एका माणसाला आयुष्यात फार तर दोनदा. आणि न्यायसभेला कोणी बसायचं हे ठरवायला दगडी यंत्र होतं, क्लेरोटेरियन. उभी शिळा, तिच्यावर ओळींनी खाचा, प्रत्येक खाचेत एकेका नागरिकाच्या नावाची पट्टी खोचलेली. कडेला नळी, तिच्यात वरून काळे पांढरे गोटे ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला की ती अख्खी आडवी ओळ आत, काळा आला की ती ओळ घरी. वशिला लावायचा कुठे? त्या शिळेचा तुकडा अथेन्सच्या अगोरा म्युझियममध्ये आहे. अॅरिस्टॉटल तर म्हणायचा निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची खूण, लोकशाहीची खूण म्हणजे चिठ्ठी.

निळी_शाई
आणि बायकांच्या, गुलामांच्या, बाहेरून आलेल्यांच्या पट्ट्या कुठल्या खाचेत होत्या?

आडवातिडवा
कुठल्याच नाही, मान्य. पण युक्ती वाईट ठरत नाही त्याने. आयर्लंडने २०१६ मध्ये असेच ९९ नागरिक चिठ्ठीने निवडून नागरिक सभा भरवली, त्यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर तज्ज्ञांना बोलावून ऐकून घेतलं, शिफारस केली, मग मे २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी घटनेतली बंदी काढायला हो म्हटलं. कावळेभाऊंना हवे तसे फाईल वाचणारे लोक, पण परीक्षा न घेता. वेळ दिला, कागद दिले, लोक वाचतात.

मास्तरीण
निळी_शाईच्या प्रश्नाचीच पुढची पायरी. कोणाला मत द्यायचं ह्यावर मत कोणी द्यायचं? स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मत द्यावं का ह्यावर १९५९ मध्ये सार्वमत झालं, मतदार अर्थात फक्त पुरुष. दोन तृतीयांश नाही म्हणाले. १९७१ मध्ये हो म्हणाले. अॅपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्या कँटनमध्ये (तिथलं राज्य) तरी नाहीच, तिथल्या पुरुषांनी १९९० मध्ये पुन्हा नकार दिला आणि त्याच वर्षी कोर्टाला सांगावं लागलं. हे सगळं लोकशाही मार्गानेच चाललं होतं हं! म्हणून मी म्हणते समता बहुमताच्या आधी येते, बहुमतातून निघत नाही.

दुपारचा_कावळा
मास्तरीणबाई, पण मग ‘ज्याला भोगायचंय त्याचं मत’ हे धरलं तर पंधरा वर्षांच्या मुलांचं काय? त्यांना तर आपल्याहून जास्त वर्षं भोगायचंय. आणि कैद्यांचं? कायद्याचा सगळ्यात जास्त तडाखा त्यांनाच.

कायमचा_विद्यार्थी
कैद्यांबद्दल दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल दिला, त्यांनाही मत हवं. न्यायमूर्ती सॅक्स यांनी लिहिलंय की प्रत्येक नागरिकाचं मत हे त्याच्या प्रतिष्ठेचं, माणूसपणाचं चिन्ह आहे. ज्या देशात बहुसंख्य लोकांना १९९४ पर्यंत मतच नव्हतं तिथे हे लिहिलं जाणं मला फार मोठं वाटतं.

खडूस
ज्याच्या घरात चोरी झाली त्याला हे मोठं वाटत नाही. कायदा मोडणाऱ्याने कायदा करणारे निवडायचे, कमाल आहे.

मास्तरीण
खडूस, सरकारला नको असलेला माणूस आत टाकून त्याचं मत काढून घेणं किती सोपं होईल ह्याचा विचार करा.

मुलांचं म्हणाल तर वयाची अट मला साक्षरतेच्या अटीसारखी वाटत नाही. वय प्रत्येकाचं वाढतं, श्रीमंताचंही गरिबाचंही, अट प्रत्येकजण सारखाच ओलांडतो आणि त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. पण आकडा कुठला हे सरकवता येतं. आपल्याकडे १९८९ पर्यंत एकवीस होतं मग अठरा झालं, ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा केलं. माझ्या वर्गातली सोळाची मुलं बघता मला काही भीती वाटत नाही. त्यांच्या पालकांची जास्त वाटते.

रिकामटेकडा
पालक इथेच आहेत बाई, जरा हळू. बाकी वरच्या टोकाला पण अट घालायची का ते बोला कोणीतरी, आमचे तीर्थरूप सकाळपासून फॉरवर्ड पाठवतायत.

निशिगंध_
रिकामटेकडा, तीर्थरूपांचं मत काढून घ्यायला निघालात तर पुढच्या यादीत माझी मुलगी आणि त्याच्या पुढच्या यादीत तुम्ही. हलकं घ्या. पण घ्या.